प्राण्यांशी अंतःप्रेरणेने संवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात नव्याने करणार असाल तर १ ते ३ क्रमाने वाचा. बाकीचे लागतील तसे वाचले तरी चालतील. एक अपवाद आहे: प्राणी आजारी वाटत असेल तर आधी थेट प्रश्न १५ वाचा.

१. ‘अंतःप्रेरणेने बोलणं’ म्हणजे नेमकं काय? ही टेलिपथी आहे का?

या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे प्राण्याच्या मनातली वाक्यं थेट आपल्या मनात उमटतात हा दावा. चाचणीत टिकेल असा पुरावा त्याला नाही. दुसरी म्हणजे प्राण्याकडे बघताच ‘याला पुढे यायचं नाही’ किंवा ‘याचं काहीतरी दुखतंय’ हे उमगणं. कशावरून ते मात्र लगेच सांगता येत नाही. ही दुसरी गोष्ट खरी आहे, शिकता येते, आणि या पानावर तिचाच विचार केला आहे. कानांची दिशा, श्वासाची लय, भार कुठल्या पायावर आहे हे सगळं डोळ्यांनी टिपलेलं असतं. त्याला शब्द सापडायच्या आत निष्कर्ष आलेला असतो.

प्राणी आपल्याला असंच वाचतात. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणितं ‘सोडवायचा’ आणि खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याची कसून तपासणी केली आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडले. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. बरोबर आकड्यावर आल्यावर माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि तेवढ्यावर घोडा थांबायचा. मालक फसवत नव्हता, त्यालाही हे माहीत नव्हतं. गणित येणाऱ्या घोड्यापेक्षा हा घोडा आम्हाला जास्त थक्क करतो.

२. मला जन्मजात देणगी नाही. जमेल का? किती दिवस लागतील?

जमेल. ज्यांना ‘देणगी’ असते त्यांनी बहुतेक वेळा लहानपणापासून जनावरांकडे तासन्‌तास बघितलेलं असतं. रोज १० मिनिटं, एकच प्राणी, असं केलं तर महिनाभरात तुमचे अंदाज सुधारलेले वहीत दिसतील. अडथळा येतो तो देणगीच्या अभावाचा नाही, आधीच्या समजुतींचा. ‘आमचा मोती हट्टीच आहे’ हे एकदा ठरवलं की पुढे दिसतो तो हट्टच. म्हणून सराव शेजाऱ्यांच्या शांत, ओळखीच्या प्राण्यावर सुरू केलात तर बऱ्याचदा लवकर हात बसतो.

३. सुरुवात नेमकी कशी करायची?

वेळ अशी निवडा की प्राणी ना भुकेला असेल ना खेळाच्या तोऱ्यात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जमिनीवर, त्याच्याकडे कूस करून, निदान दोन मीटरवर बसा. नजर डोळ्यांवर रोखू नका, खांद्याच्या आसपास राहू द्या.

पहिली दोन मिनिटं फक्त स्वतःचा श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. यात गूढ काही नाही. आपले खांदे उतरले की प्राण्याच्या दृष्टीने आपण कमी धोक्याचे दिसतो, आणि आपल्यालाही बारकावे दिसू लागतात.

मग त्याचे श्वास ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. गाढ झोपलेल्या निरोगी कुत्र्या-मांजराचा आकडा बहुधा मिनिटाला ३० च्या आत असतो. जागेपणी, उन्हात किंवा खेळून आल्यावर तो बराच वाढतो, म्हणून तुमच्या प्राण्याचा नेहमीचा झोपेतला आकडा लिहून ठेवा. पुढे आजार ओळखताना तोच कामी येतो.

त्यानंतर अंगावरून नजर फिरवा, पण मागून पुढे: शेपूट, पाठ, चारही पायांवरचा भार, बरगड्या, मान, कान, आणि सगळ्यात शेवटी डोळे आणि तोंड. चेहरा आधी बघितला की आपण त्यावर माणसाचे भाव चिकटवतो आणि बाकीचं शरीर त्या भावाला जुळवून घेतो. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

शेवटी वहीत तीन ओळी. पहिलीत काय दिसलं: ‘मान पंजांवर, डावा कान दाराकडे’. ‘उदास आहे’ असं इथे लिहिलंत तर खोडा, ते दुसऱ्या ओळीचं काम. दुसरीत मनात काय आलं: चित्र, शब्द, अंगातली जाणीव, काहीही, कितीही वेडगळ. तिसरीत पुढच्या पाच मिनिटांत तो काय करेल याचा अंदाज. मग पाच मिनिटं थांबून बघा आणि अंदाजापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करा. बहुतेक जण तिसरी ओळ गाळतात. तिच्याशिवाय ही वही म्हणजे नुसती दैनंदिनी.

४. मी असं बसलं की कुत्रा उठून निघून जातो. माझं काही चुकतंय का?

तुम्ही विचारलंत आणि त्याने उत्तर दिलं. जाऊ द्या, हाक मारू नका. पुढच्या वेळी अंतर दुप्पट करा आणि १० मिनिटांऐवजी दोनच मिनिटं बसा. जवळ येऊन बिचकत असेल तर खाऊ हातातून देऊ नका, त्याच्या पाठीमागे टाका. हातातल्या खाऊसाठी तो भीती गिळून पुढे येतो आणि मग अडकल्यासारखा होतो. मागे पडलेल्या खाऊमुळे लांब जायची मुभाही मिळते आणि परत यावंसंही वाटतं.

५. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश ना?

नाही. हलणारी शेपूट एवढंच सांगते की तो उत्तेजित आहे. कशाने, ते बाकीचं अंग सांगतं. कमरेपासून सगळं शरीर लवत असेल, तोंड सैल असेल, तर स्वागत. शेपूट ताठ वर, हालचाल छोटी आणि जलद, बाकी अंग लाकडासारखं असेल तर पुढे जाऊ नका. पोटाखाली घेतलेली शेपूट टोकाशी हलत असली तरी ती भीतीच.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्यांची शेपूट त्यांच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. माहिती गमतीची आहे, पण फरक इतका बारीक असतो की समोरासमोर त्यावर विसंबू नये. वळलेल्या शेपटीच्या किंवा शेपूट कापलेल्या कुत्र्यात बुडाजवळचा भाग आणि पाठीची रेघ बघा.

६. मांजर चेहऱ्यावर काहीच दाखवत नाही. त्याच्याशी कसं बोलायचं?

दाखवतं, पण हळू आवाजात. कान कडेला वळले, पाठीची कातडी थरथरली, शेपटीचं टोक आपटायला लागलं, की त्याचं ‘पुरे’ म्हणून झालेलं असतं. ओरखडा त्यानंतर येतो. ‘अचानक चावलं’ अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा या तीन खुणा हुकवलेल्या असतात.

बोलायला सुरुवात डोळ्यांनी करा. डोळे हळूच बारीक करा, अर्धा-एक सेकंद मिटा, उघडून नजर बाजूला वळवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात माणसाने असे डोळे मिटल्यावर मांजरांनीही तसेच मिटले, आणि अनोळखी माणसाजवळ यायला ती अधिक तयार झाली. दोन-तीनदा करून थांबा. सतत मिचकावत बसलात तर ते टक लावण्यासारखंच होतं.

समाधानाने होते तशी घुरघुर दुखण्यातही होते. अंग आखडलेलं, डोळे बारीक, मान खाली असताना घुरघुर ऐकू आली तर प्रश्न १५ बघा. म्याव मात्र मोठी मांजरं एकमेकांशी फारसं करत नाहीत. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसांसाठी ठेवलाय.

७. गोंजारलेलं आवडतंय का, हे त्यालाच कसं विचारायचं?

हात त्याच्या हनुवटीच्या उंचीवर, वीतभर अंतरावर धरा आणि त्याला पुढे येऊ द्या. आला तर गालाला किंवा छातीला तीन सेकंद हलकेच खाजवा. हात काढा. पाच सेकंद थांबा. नाक हाताखाली घातलं, रेलला, पंजाने ओढलं तर ‘हो’. ओठांवरून जीभ फिरवली, तोंड वळवलं, जांभई दिली, अंग झाडून निघून गेला तर ‘नको’.

सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जातं ते गप्प उभं राहणं. श्वास रोखून स्तब्ध झालेला प्राणी परवानगी देत नसतो. तो ते संपायची वाट बघत असतो. लहान मुलांना ही तीन आणि पाच सेकंदांची पद्धत आधी शिकवा, बाकीचं नंतर.

८. प्राण्याला ‘हो’ आणि ‘नको’च्या खुणा शिकवता येतात का? बोलणाऱ्या बटणांचं काय?

येतात. नॉर्वेतल्या एका अभ्यासात (२०१६) २३ घोड्यांना तीन चिन्हं शिकवली: पांघरूण घाला, पांघरूण काढा, आहे तसं राहू द्या. दोन आठवड्यांत सगळे शिकले, आणि त्यांची निवड हवामानाप्रमाणे बदलत होती.

घरी करायचं तर दोन पाट्या घ्या, आकार अगदी वेगळे: एक गोल, एक उभी पट्टी. गोल म्हणजे ‘आणखी’, पट्टी म्हणजे ‘पुरे’. आधी एकाच पाटीला नाक लावायला शिकवा आणि लावताच तिचा अर्थ घडवून आणा. ते पक्कं झाल्यावर दुसरी आणा. एका वेळी पाच मिनिटं पुरतात. पाट्यांच्या जागा दर वेळी आलटून-पालटून ठेवा, नाहीतर तो चिन्ह न शिकता ‘डावीकडची’ एवढंच शिकेल. तुमची नजर कुठे आहे तेही सांभाळा. हान्सचा घोटाळा इथेच पुन्हा होतो. आणि ‘पुरे’ म्हटल्यावर खरंच थांबा, नखं कापायची राहिली असली तरी. दोनदा ऐकलं नाहीत तर तो ती पाटी वापरणं सोडून देईल.

आवाजाच्या बटणांवर शिकलेले कुत्रे ‘खेळ’ आणि ‘बाहेर’ या शब्दांना योग्य प्रतिसाद देतात, माणसाच्या हावभावांचा आधार नसला तरी, हे २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. शब्द कळतात एवढं त्यातून सिद्ध होतं. चार बटणं ओळीने दाबली म्हणजे वाक्य झालं असं नाही.

९. मनात आलेलं त्याचं होतं की माझं, हे कसं ओळखायचं?

आतून ओळखता येत नाही. खात्री वाटणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी सारख्याच ‘जाणवतात’. त्यामुळे पडताळा बाहेरून घ्यावा लागतो.

एक सोपी चाचणी अशी. एकसारखे चार गालिचे चार कोपऱ्यांत टाका. प्राणी खोलीत यायच्या आधी, तो कुठल्या गालिच्यावर जाऊन बसेल ते लिहा. गालिच्यांच्या जागा आणि प्राण्याला आत सोडायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. तुमचा अंदाज त्यालाही सांगू नका. असं २० वेळा. चारही गालिचे त्याला सारखेच असतील तर नुसत्या नशिबाने सरासरी पाच अंदाज जुळतात. नऊ किंवा जास्त जुळणं नशिबाने शंभरात साधारण चारदाच घडतं. पण एक मेख आहे: त्याचा लाडका कोपरा असेल तर तुम्हाला तो माहीत असतो आणि आकडा वाढतो. म्हणून दर वेळी जागा फाशाने ठरवा आणि एखादा कोपरा सारखा जिंकत असेल तर खोली बदला.

रोजच्या सरावात आणखी दोन गाळण्या वापरा. मनात आलेलं वाक्य कुठल्याही प्राण्याला लागू पडेल का? ‘त्याला प्रेम हवंय’ हे कासवालाही चालेल, ते सोडून द्या. आणि ते नेमकं तुमच्याच सध्याच्या काळजीसारखं आहे का? नोकरीचा ताण असताना मांजर ‘दडपणाखाली’ दिसू लागतं. असं वाटलं की दुसऱ्या दिवशी, वही न उघडता, पुन्हा बघा.

१०. फोटोवरून किंवा दुरून संवाद होतो का?

फोटोत श्वास नाही, हालचाल नाही, आधीचा आणि नंतरचा क्षण नाही. प्रश्न १ मधली दुसरी गोष्ट तिथे चालूच शकत नाही. व्हिडिओ मात्र उपयोगी: ३० ते ६० सेकंद, बाजूने, संपूर्ण अंग दिसेल असा, मागे गाणं न लावता. आधी आवाज बंद करून, मग वेग कमी करून बघा.

फोटोवरून सांगणाऱ्या कुणाकडे जाणारच असाल तर पडताळता येतील अशा तीन गोष्टी आधी लिहून पाकिटात ठेवा आणि बोलण्यात तुमच्याकडून माहिती सुटू देऊ नका. ऐकून झाल्यावर पाकीट उघडा.

११. माझा ताण प्राण्याला खरंच कळतो?

कुत्र्यांच्या बाबतीत हो, आणि तोही नुसत्या वासावरून. २०२२ मध्ये बेलफास्टमधल्या संशोधकांनी चार कुत्र्यांना एकाच माणसाचे आकडेमोडीच्या ताणाआधीचे आणि नंतरचे श्वास-घामाचे नमुने हुंगायला दिले. ९० टक्क्यांहून जास्त वेळा त्यांनी ताणाचा नमुना ओळखला. म्हणून वरवर गोड आवाज काढून उपयोग नाही. भांडून आला असाल तर त्या दिवशी बैठक रद्द करा आणि नुसतं एकत्र चाला.

१२. चूक केल्यावर त्याचा चेहरा अपराधी होतो. म्हणजे त्याला कळतं ना?

अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ मधल्या प्रयोगात कुत्र्यांचा ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर नाही, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. खाली घातलेली मान, पाडलेले कान, चोरलेलं अंग हे तुमच्या रागाला शांत करण्यासाठी आहे. त्या चेहऱ्यावर आणखी ओरडलात तर तो म्हणतोय त्याच्या नेमकं उलट ऐकल्यासारखं होतं.

१३. गाय किंवा घोडा यांच्याजवळ कसं जायचं?

दोघांचे डोळे कडेला असतात. त्यामुळे त्यांना जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही, आणि घोड्याला कपाळासमोरचं अगदी जवळचंही नाही. आधी आवाज द्या, मग खांद्याच्या रोखाने तिरके चालत जा. हात डोक्याकडे नेऊ नका, खांद्यापाशी किंवा मानेच्या बुडाशी ठेवा.

गायीभोवती एक अदृश्य कुंपण असतं. त्याच्या काठावर आलात की ती रवंथ थांबवते, मान उचलते, कान तुमच्याकडे करते. तिथे थांबा आणि एक पाऊल मागे घ्या. ते पाऊल तिला कळतं. पुढच्या खेपेला कुंपण आत सरकतं. खांद्याच्या रेषेच्या मागे उभे राहिलात तर ती पुढे चालते, पुढे उभे राहिलात तर मागे सरते. ही रेषा एकदा हातात आली की काठी लागत नाही.

घोड्याचे कान मागे चिकटले, नाकपुड्या आक्रसल्या, डोळ्यावर घडी पडली तर दूर व्हा. मागचा एक पाय सैल टेकवून उभा असेल तर आराम चाललाय. पुढचा पाय पुढे काढून त्याच्यावरचा भार काढला असेल तर पाय दुखतोय, वैद्य बोलवा.

१४. ससा आणि पोपट?

ससा हवेत उडी मारून वळला तर आनंद, मागचा पाय आपटला तर धोक्याची सूचना. दात हळू वाजवणं समाधानाचं, मोठ्याने करकरवणं वेदनेचं. उचलून घेतल्यावर तो शांत पडतो ती बहुधा भीती असते, कारण त्याला उचलतात ते शिकारी.

पोपटाच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होऊ लागल्या की तो फार उत्तेजित आहे. हात लांब ठेवा, मग कारण शोधा. दिवसभर पिसं फुलवून दांडीवर बसलेला पक्षी ‘ध्यानात’ नसतो, आजारी असतो.

१५. ‘याचं काहीतरी बिनसलंय’ असं आतून वाटतं, पण लक्षण दिसत नाही. काय करू?

ही जाणीव बहुतेकदा खरी निघते, कारण तुम्ही त्याला रोज बघता. तिला आकड्यांत आणा: झोपेतला श्वास, खाल्लेलं, पाणी, लघवी-शौच, वजन. डॉक्टरांना ‘मला वाटतंय’ सांगण्यापेक्षा ‘श्वास २० वरून ३४ वर गेलाय’ हे सांगा.

मांजरासाठी माँट्रियलच्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांडलेली चेहऱ्याची मोजपट्टी घरीही जमते. कान, डोळ्यांचं आकसणं, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी, प्रत्येकाला ० ते २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त आले तर वेदनाशामकाची गरज असू शकते. ते डॉक्टरच देतील. माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे.

वाट बघायची नाही अशा वेळा: बोका पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, कुत्र्याचं पोट फुगलंय आणि उमाळे येऊनही काही पडत नाही, सशाने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही. अशा वेळी वही, श्वास, बैठक, काहीही नको. थेट दवाखाना.

१६. मांजर हरवलंय. त्याच्याशी मनाने संपर्क साधून ठिकाण कळेल का?

त्यात वेळ घालवू नका. हरवलेल्या मांजरांच्या २०१८ मधल्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आत होती, आणि पायी शोधल्याने सापडण्याची शक्यता वाढली. घाबरलेलं मांजर ओळखीच्या आवाजालाही ओ देत नाही, म्हणून ‘हाक मारली, नाही आलं’ यावरून ते तिथे नाही असं ठरत नाही. रात्री सगळं निजल्यावर विजेरी जमिनीलगत धरून गाड्यांखाली, जिन्यांखाली, अडगळीत चमकणारे डोळे शोधा. शेजाऱ्यांकडून बंद खोल्या उघडून घ्या, नुसतं विचारू नका.

१७. म्हाताऱ्या प्राण्याची जायची वेळ आली हे तो सांगेल का?

एका नजरेत सांगेल अशी आशा बरेच जण धरून बसतात, आणि तोवर तो सोसत राहतो. त्याच्या खास आवडीच्या पाच गोष्टी आज लिहून ठेवा: दाराशी येणं, उन्हात लोळणं, जे असेल ते. कॅलेंडरवर रोज चांगला किंवा वाईट दिवस अशी खूण करा. वाईट दिवस जास्त होऊ लागले, किंवा पाचातल्या तीन गोष्टी गेल्या, की डॉक्टरांशी बोला. रात्री ओरडणारं म्हातारं मांजर मात्र निरोप घेत नसतं. थायरॉइड, रक्तदाब किंवा वेदना यांची तपासणी करा. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

१८. गेलेल्या प्राण्याशी बोलता येतं का?

त्याच्याशी बोलावंसं वाटलं तर बोला, त्यात चुकीचं काही नाही. उत्तर त्याच्याकडून आलं का हे पडताळायचा मार्ग नाही. त्या उत्तराचे पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

१९. अनोळखी कुत्र्यावर सराव करू का?

लांबून बघून वही लिहा, हात लावू नका. जेवणारा, झोपलेला, पिलांपाशी असलेला कुत्रा तर सोडूनच द्या. दात लागले किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. ‘तो चांगला वाटला’ ही जाणीव इथे ग्राह्य धरू नका. रेबीजची लक्षणं दिसण्याआधीही कुत्रा तो पसरवू शकतो.

२०. आमचा कुत्रा पूर्वी गुरगुरायचा, आता गुरगुरत नाही. म्हणजे नातं सुधारलं ना?

आधी आठवा, गुरगुरल्यावर त्याला ओरडा पडायचा का. पडत असेल तर नाराजी तशीच आहे, फक्त सूचना बंद झाली आहे, आणि पुढची पायरी चावण्याची आहे. तपासायचं तर ज्या प्रसंगी गुरगुरायचा (भांडं, अंथरूण, पंजे पुसणं) तो प्रसंग लांबून बघा: चघळणं थांबतंय का, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसतोय का, अंग गोठतंय का. यातलं काहीही दिसलं तर प्रश्न ४ प्रमाणे अंतर वाढवा आणि गुरगुर परत आली तर मागे सरका, रागवू नका. प्रसंग तोच असून अंग सैल आणि श्वास नेहमीसारखा असेल, तर खरंच सुधारलं आहे.